ऐकणारे : एक

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला 'लाइव्ह' या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक असतो : हयात. दर नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी आमच्या काउंटरसमोर उभी राहून आपण जिवंत असल्याचं आम्हाला पटवून देतात आणि आम्ही, समोर उभ्या असलेल्या, खोकणाऱ्या, 'जरा पंखा वाढवा हो' म्हणणाऱ्या त्या गृहस्थांकडे दुर्लक्ष करून, त्यांचा कागद तपासतो. कागद 'हो' म्हणाला की गृहस्थ हयात. २०१४ साली हा दाखला अंगठा टेकून देण्याची सोय झाली. तेव्हापासून माणूस आहे, कागद आहे, पण अंगठा उमटत नाही, अशी जन्म आणि मृत्यू यांच्या मधली एक तिसरी अवस्था आम्ही रोज बघतो.

अशा माणसाच्या वाट्याला 'लाइव्ह ऑडिओ स्ट्रीमिंग' यावं, हा योग पत्रिकेतच असला पाहिजे. एरवी बी.कॉम. झालेल्या, नाकासमोर चालणाऱ्या आणि महापेच्या शाखेत औद्योगिक वसाहतीचे चेक मोजणाऱ्या माणसाचा आणि प्रक्षेपणाचा संबंध काय? आवाज म्हणून आमच्या वाट्याला येतो तो नोटा मोजायच्या यंत्राचा. त्याला स्वतःला काही म्हणायचं नसतं.

पण मी आमच्या भजनी मंडळाचा चिटणीस आहे. बँकेतल्या माणसाला गाता येत नसलं तरी मंडळात घेतात, कारण हिशेब येतो, अशी समजूत असते. वाशीत सिडकोनं बांधलेल्या चार मजली, बिनलिफ्टच्या इमारतींच्या मधोमध आमचं छोटं विठ्ठल मंदिर आहे. कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत तिथे रोज पहाटे पाचला काकड आरती असते. पंचवीस-तीस माणसं, दोन पखवाज, एक पेटी आणि अगणित टाळ. कर्णा मात्र नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात लाउडस्पीकर बंद केला आहे आणि विठ्ठलाला सहानंतर उठवायचं तर त्याला काकड आरती म्हणता येत नाही. तेव्हा आम्ही बिनकर्ण्याची गातो. ज्याला ऐकायचं त्यानं यावं.

आता यायचं म्हणजे जिने उतरायचे. आणि गेल्या साली माईंचा खुबा मोडला.

माई बयाऐंशी वर्षांच्या. वाशीच्या खाडीला एकच पूल होता तेव्हापासून त्या इथे राहतात आणि मंडळ त्यांच्या यजमानांनी, म्हणजे तात्यांनी, चार टाळांवर सुरू केलेलं. तात्या गेले, तरी माईंनी एकाही कार्तिकात एकही पहाट चुकवली नव्हती. खुबा बसवून घरी आल्यावर मी भेटायला गेलो, तर तक्रार दुखण्याची नव्हती. "अरे, पहाटे सगळं गपगार असतं, तेव्हा मंदिरातली घंटा ऐकू येते मला. पण पुढचं काही येत नाही. ताटावर बसवून वाढायला विसरावं, तसं होतं बघ." हे ऐकल्यावर चिटणिसानं काहीतरी करणं भाग असतं.

पहिला ठराव आला तो व्हिडिओचा. एका सभासदानं मोबाइल खांबाला बांधून एका नामांकित संकेतस्थळावर आरती दाखवायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी तिथल्या यंत्राची सूचना आली, की आपण गात असलेल्या रचनेचे हक्क एका ध्वनिमुद्रण कंपनीकडे आहेत. तुकोबांना जाऊन पावणेचारशे वर्षं होत आली. त्यांनी इंद्रायणीत वह्या सोडल्या, पण हक्क कुणाच्या नावे करून दिल्याची नोंद निदान आम्हा वारकऱ्यांच्या ऐकण्यात नाही. आम्ही हरकत नोंदवली. यंत्रानं ती विचारार्थ घेतली. अजून विचार चालू आहे. शिवाय माईंना बघायचं नव्हतंच. "खांबावरून काय दिसणार? सगळ्यांची टकलं," असं म्हणून त्यांनी तो प्रश्न निकालात काढला होता.

तेव्हा हॉस्टेलवरून आमचे चिरंजीव फोनवर म्हणाले, "बाबा, नुसता आवाजच पाठवायचाय ना? मग तुमचं स्वतःचं स्टेशन काढा. आइसकास्ट वापरा. ओपन सोर्स आहे."

स्वतःचं रेडिओ स्टेशन! २३ जुलै १९२७ रोजी मुंबईला पहिलं नभोवाणी केंद्र सुरू झालं, त्याचं उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झालं होतं. पुढे कित्येक वर्षं, केंद्र काढायचं तर सोडाच, नुसता रेडिओ ऐकायलाही पोस्टातून परवाना घ्यावा लागे. आमच्या वडिलांनी रेडिओ आणला तेव्हा परवान्याचं पुस्तक आधी देवापुढे ठेवलं होतं, रेडिओ नंतर. आणि इथे चिरंजीव म्हणतात, संध्याकाळी जेवण झाल्यावर स्टेशन काढा.

"पैसे किती?"

"सॉफ्टवेअर फ्री आहे, बाबा."

'फ्री' म्हटल्यावर बँकेतला माणूस अटी वाचायला घेतो. आयुष्यभर आम्ही लोकांना बारीक अक्षरातल्या अटींवर सह्या करायला लावल्या, पण वाचणारा अजून भेटायचा आहे. मी हा परवाना सगळा वाचला. जीएनयू जनरल पब्लिक लायसन्स, दुसरी आवृत्ती, १९९१. एवढा विलक्षण दस्त माझ्या हाताखालून गेलेला नाही. वापरा म्हणतात. उघडून बघा म्हणतात. वाटेल तसं बदला, दुसऱ्यांना वाटा, वाटल्याबद्दल पैसेही घ्या. अट एकच : दुसऱ्याला देताना तुम्हाला मिळालेली मोकळीक त्यालाही द्यायची, आपली बदललेली कृतीही झाकून ठेवायची नाही. जामीनदार नाही, साक्षीदार नाही, तारण नाही. तळाशी मोठ्या अक्षरांत एवढंच, की कसलीही हमी नाही. हे मात्र आमच्याही दस्तांत असतं. फक्त आम्ही ते बारीक अक्षरांत छापतो.

म्हणजे 'फ्री'चा अर्थ फुकट नव्हे, मोकळं. हा फरक त्या मंडळींना आधी कळला होता. १९९९ च्या सुमाराला इंटरनेटवरून गाणी ऐकवायला 'शाउटकास्ट' नावाचं सॉफ्टवेअर निघालं होतं. ते फुकट होतं, पण त्याचं पोट उघडून बघायची मुभा नव्हती. म्हणून जॅक मॉफिट नावाच्या तरुणानं सोबत्यांना घेऊन 'आइसकास्ट' लिहिलं आणि सगळ्यांसाठी उघडं ठेवलं. तोच प्रकार आवाज दाबून लहान करण्याच्या पद्धतीचा. एमपी३ सगळे वापरत होते, पण १९९८ साली पेटंटवाल्यांनी परवान्याचे पैसे मागायला सुरुवात केल्यावर काही लोकांनी 'व्हॉर्बिस' नावाची कुणाचंही देणं नसलेली पद्धत तयार केली. २००२ साली ती पुरी झाली. एमपी३ चे परवाने बंद झाले ते थेट २०१७ मध्ये. हे नाव टेरी प्रॅचेट या इंग्रज विनोदी लेखकाच्या 'स्मॉल गॉड्स' या कादंबरीतल्या एका पात्राचं आहे. त्या कादंबरीत देवाची ताकद भक्तांच्या संख्येवर ठरते, आणि एका मोठ्या देवावर खरी श्रद्धा ठेवणारा एकच भक्त उरल्यामुळे तो कासव होऊन बसलेला असतो. त्या देवाचं नाव 'ओम'. हे वाचल्यावर काकड आरतीला हीच पद्धत वापरायची, हे मी कार्यकारिणीला न विचारता ठरवलं.

आता जुळणी. आइसकास्टची सगळी व्यवस्था एका फाइलीत लिहावी लागते. चिरंजीवांना वाटलं होतं, बाबा घाबरतील. पण ती फाइल बघून मला माहेरी आल्यासारखं वाटलं. तिथे प्रत्येक उघडलेली खूण बंद करावी लागते. वर 'लिमिट्स' उघडलं तर खाली 'लिमिट्स' मिटलंच पाहिजे, नाहीतर गाडी हलत नाही. अहो, हे तर द्विनोंदी जमाखर्च! नावेला जमा लागलीच पाहिजे. संगणकवाल्यांनी याला एक्सएमएल हे नाव दिलं आहे. आम्ही बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला करतो.

त्या फाइलीत प्रक्षेपणाचा पासवर्ड आधीच भरलेला येतो : 'हॅकमी'. म्हणजे 'या, मला लुटा'. बदलल्याशिवाय राहवू नये, म्हणून मुद्दाम ठेवलेला असावा. मी तो तत्काळ बदलला. नवा कोणाला सांगितला नाही. सौ.लाही नाही. तिनं तो दुसऱ्या दिवशी ओळखला, ही गोष्ट वेगळी.

मंदिरात चिरंजीवांचा टाकून दिलेला लॅपटॉप ठेवला. त्यात 'ब्रॉडकास्ट यूजिंग धिस टूल' नावाचा प्रोग्रॅम बसवला. त्याच्या आद्याक्षरांचा जो इंग्रजी शब्द होतो तो देवळात उच्चारण्यासारखा नाही, त्यामुळे आमच्यात त्याला 'तो प्रोग्रॅम' म्हणतात. मायक्रोफोन कुठे ठेवायचा, यावर तीन सभा झाल्या. कारण आवाज लहान करणाऱ्या या पद्धतींचं तत्त्व असं आहे, की मोठ्या आवाजाखाली दबलेला बारीक आवाज माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. मग तो कशाला पाठवा? टाकून द्या. आमच्या शाखेच्या बैठकीत हे तत्त्व पूर्वीपासून पाळतात. पण इथे पंचवीस टाळांच्या मध्ये मायक्रोफोन ठेवला तर गाणाराच टाकून दिला जाणार. शेवटी तो पेटीजवळ, टाळांकडे पाठ करून बसवला. टाळकऱ्यांना वाईट वाटलं. ते त्या दिवसापासून जास्त जोरात वाजवतात.

आता रेडिओत आणि यात एक मोठा फरक आहे, तो मी मंडळाला असा समजावून दिला : आकाशवाणी म्हणजे पाऊस. एकदा पडला की ज्याच्या अंगणात पडेल त्याचा. ऐकणारा एक असो की एक लाख, केंद्राला काहीच फरक नाही. आपलं स्ट्रीमिंग म्हणजे पंगत. प्रत्येकाच्या पानात वेगळं वाढावं लागतं. एका पानाला सेकंदाला चौसष्ट किलोबिट. तासभर ऐकलं तरी २९ एमबीच्या आत, त्यामुळे माईंचं रोजचं डेटा-पॅक काही संपत नाही. पण चाळीस पानं झाली की अडीच मेगाबिट एकदम वाढायचे, आणि मंदिरातली जोडणी म्हणजे एकच वाढपी. म्हणून तिथून एकच वाटी भरून बाहेरच्या मोठ्या संगणकाकडे पाठवायची आणि पंगत त्यानं वाढायची. आइसकास्टच्या मूळ फाइलीत मर्यादाही पंगतीचीच घालून दिलेली आहे : शंभर पानं.

तो मोठा संगणक आम्ही महिन्याच्या भाड्यानं घेतला. पहिलं बिल आलं. पत्ता बघतो तर टीटीसी औद्योगिक क्षेत्र, महापे. म्हणजे माझ्या बँकेपासून पायी दहा मिनिटांवर!

मला इतकी वर्षं वाटत होतं, की इंटरनेट कुठेतरी ढगात असतं. लोक म्हणतातही 'क्लाउड'. ते ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी, वडापावच्या गाडीसमोर आहे. या पट्ट्यात एके काळी रसायनांचे कारखाने होते. नाकाला रुमाल लावून बस कुठे आली ते डोळे मिटून सांगता यायचं. आता त्याच पट्ट्यात डेटा सेंटरं उभी राहिली आहेत. समुद्राखालच्या तारा मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, जागा औद्योगिक, वीज भरपूर, म्हणून ही मंडळी इकडे आली. बाहेरून बघाल तर खिडक्या नसलेली प्रचंड इमारत, मागे डिझेलच्या जनरेटरांची रांग, आणि अहोरात्र थंड हवेची घरघर. आत हजारो संगणक, त्यांना घाम येऊ नये म्हणून ही सगळी बडदास्त. महापेच्या बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला मे महिन्यात एवढं कुणी विचारत नाही.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्या इमारतीच्या फाटकाशी गेलो. पहारेकऱ्यानं विचारलं, "काय काम आहे?"

"आत आमची आरती आहे."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आत देऊळ नाय साहेब. मशिनी हायेत नुसत्या."

"त्यातल्याच एकीत आहे."

तो थोडा वेळ विचारात पडला. मग इमारतीकडे बघून त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "आत सोडता नाय येणार. हितनंच घ्या दर्शन." मीही जोडले. दोघं बँकेचे खातेदार तेवढ्यात तिथून गेले. त्यानंतर ते माझ्याशी फार आदरानं वागतात.

पहिल्या दिवशी पहाटे माईंच्या मोबाइलवर आरती लागली. आरतीनंतर मी धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर गेलो. माई म्हणाल्या, "छान आली. पण अरे, घंटा दोनदा का वाजवता? एकदा खिडकीतून वाजते, मग बाराएक सेकंदांनी फोनमधून वाजते. देव दोनदा उठतो का?"

प्रश्न रास्त होता. मंदिर ते महापे सात-आठ किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. बारा सेकंदांत तो चंद्रावर जाऊन परत आला असता, तोही तीनदा. मग महापेला जाऊन यायला बारा सेकंद? वेळ प्रवासात जात नव्हता, रांगेत जात होता. आइसकास्ट नव्या ऐकणाऱ्याला आल्याआल्या चौसष्ट केबी शिल्लक आवाज एकदम देतो. आमच्या हिशेबानं आठ सेकंदांचा. उरलेली तीन-चार सेकंदं लॅपटॉप आणि मोबाइल आपापल्या गाठीला बांधतात. मध्ये तार क्षणभर अडखळली तर ऐकणाऱ्याला खंड पडू नये, म्हणून. बँकेत आम्ही सगळ्या ठेवी वाटून टाकत नाही, राखीव निधी ठेवतो, तसंच. मी म्हटलं, "माई, कमी करता येईल, पण मग आवाज तुटेल."

"नको नको. राहू दे. आधी घंटा येते, मग मी सावरून बसते, मग आरती येते. बरं पडतं."

जी उणीव घालवायला संगणकशास्त्रातले लोक रात्री जागवतात, तिचा माईंनी असा उपयोग करून घेतला.

आइसकास्टचं एक पान असतं. त्यावर या क्षणाला किती जण ऐकताहेत तो आकडा दिसतो. नाव नाही, गाव नाही, नुसता आकडा. कुणी टोरांटोत बसलेला भाचा असेल, कुणी नाइट पाळीवरून परतणारा सभासद. आमचा आकडा सात-आठच्या पुढे क्वचित जातो. पण पाचला दहा कमी असताना, काकडा पेटायच्या आधी, टाळांच्या पिशव्या सोडायच्या आधी, मी लॅपटॉप उघडतो तेव्हा तिथे लिहिलेलं असतं : ऐकणारे, एक. अजून ऐकायला काही नसतं. नुसती झाडूची खसखस आणि पेटीवाल्याचं खोकणं. तरी एक जण येऊन बसलेलं असतं. असला हयातीचा दाखला मी नोकरीत कधी बघितला नाही. अंगठा नाही, कागद नाही, आणि शंकाही नाही.

आता मुख्य गोष्ट. आइसकास्टमध्ये एक कलम आहे : मूळ ठिकाणाहून आवाज यायचा थांबला तर ऐकणाऱ्यांना वाऱ्यावर न सोडता दुसरं काहीतरी ऐकवण्याची व्यवस्था करता येते. बहुतेक लोक तिथे सनईबिनई ठेवतात. माझ्याकडे मंडळाच्या कपाटातली १९८८ च्या कार्तिकातली कॅसेट होती, काकड आरतीचीच. ती मी लॅपटॉपवर उतरवून तिथे ठेवली. तिच्यात तात्या गातात.

त्रयोदशीच्या पहाटे बाहेर रस्ता खोदणाऱ्यांनी मंदिराची तार तोडली. भूपाळ्या चालू होत्या. आमचा लॅपटॉप मुका झाला, इथून काही करता येईना. आरती आटोपून मी माईंकडे गेलो. त्या खुर्चीत बसल्या होत्या, मोबाइल मांडीवर, बंद केलेला.

"माई, आज तार तुटली. तुमचं ऐकायचं राहिलं."

"राहिलं कुठे? आज हे आले होते ना." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "पुढच्या ओळीवर घाईनं जायची खोड काही गेली नाही अजून."

मला काय बोलावं सुचेना. माईच म्हणाल्या, "असा बघू नकोस. खुळी नाही झाले मी. कॅसेट आहे ती, कळलं मला. घरात माझ्याकडेही एक आहे. पण ती लावायची म्हणजे मी उठणार, मी बटण दाबणार. ते मी लावलेलं झालं. हे आपण होऊन आले."

सौ.नं नंतर विचारलं, की मग काय म्हणालात? मी काही म्हणालो नाही. जिना उतरताना माईंनी मागून हाक मारून एवढं सांगितलं, "अरे, मुद्दाम तार तोडू नका हो कधी. पण तुटली, तर जोडायची फार घाईही करू नका."

त्रिपुरी पौर्णिमेला समारोप. प्रथेप्रमाणे सेवा करणाऱ्या प्रत्येकाला नारळ. पखवाजवाल्यांना, पेटीवाल्याला, फुलं देणाऱ्याला. हिशेब लिहिताना मी विचारलं, की ज्यांनी हे सॉफ्टवेअर लिहिलं त्यांचा नारळ कुणाकडे द्यायचा? एक पैसा घेतला नाही, पत्ता नाही, कोण कुठल्या देशात, किती जण, कसलाच मेळ नाही. अध्यक्ष म्हणाले, आभाराचा ठराव करा. ठराव झाला, पण नारळ उरलाच. वहीत मी 'देणे बाकी' म्हणून लिहिला. चार दिवसांनी तो डोळ्यांत खुपायला लागला, म्हणून माईंना विचारायला गेलो.

"त्यात काय एवढं? ज्यांनी सगळ्यांसाठी करून ठेवलं, त्यांचं सगळ्यांनी खायचं असतं. फोड आणि खोबरं वाट," माई म्हणाल्या.

मी तो फोडला. वाटला. वहीतली बाकी मिटवली. एक तुकडा मात्र कागदात बांधून दुसऱ्या दिवशी महापेला घेऊन गेलो आणि त्या पहारेकऱ्याला दिला. त्यानं तो कपाळाला लावला आणि विचारलं, "आत चालूय ना सगळं बरोबर?"